चाकोरीतला बर्फ

आता आपण चाकोरी म्हणतो ते बहुधा रोजच्या रहाटगाडग्याला. मुळात मात्र ती गाडीच्या चाकाने मातीत पाडलेली घळ. इंग्लंडमधल्या शेतवाटांवर अशा चाकोऱ्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या असतात, आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्यांत पाणी साचलेलं असतं. रात्र निरभ्र गेली की सकाळी त्या पाण्यावर दुधी पापडी धरलेली दिसते. पापडीवर काठाला समांतर रेघा, एकात एक, नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या. टाच टेकवली की ती काडकन मोडते, आणि खाली पाणी नसतंच. बोटभर पोकळी, आणि तिच्या तळाशी ओला चिखल.

या पोकळ बर्फाला इंग्रजीत ‘कॅट आइस’ असा जुना शब्द आहे, मांजराचा बर्फ. मांजराचंही वजन पेलणार नाही इतका पातळ, असा त्याचा अर्थ सांगतात. बर्फ पाण्यावर तरंगतो हे आपण शाळेत शिकलो. मग हा अधांतरी कसा राहिला? डबक्यावरची बरीचशी नक्षी याच प्रश्नापाशी उलगडते. नक्षी थंडीने काढली असं आपण सहज म्हणतो, पण डबक्यात थंडीपेक्षा पाण्याचा हात मोठा असतो. पाणी कुठे थबकलं, कधी उतरलं, केव्हा संपलं, हे सगळं त्या पापडीवर उमटलेलं असतं.

असा बर्फ बघायला कडाक्याची थंडी लागत नाही, उलट ती नकोच असते. कॅनडाच्या मैदानी भागात डबकी एकदा गोठली आणि वर हिम साचलं की ती वसंतापर्यंत दिसत नाहीत. इथे लागतो शून्याच्या अल्याड-पल्याड रोज हेलकावे खाणारा पारा: दिवसा तीन-चार अंश, पहाटे उणे दोन ते उणे पाच. मग रोज रात्री नवी पाटी आणि रोज दुपारी ती पुसलेली.

हवामानखात्याचा आकडा मात्र डबक्याला लागू करू नये. ब्रिटनमध्ये हवेचं तापमान जमिनीपासून १.२५ मीटर उंचीवर मोजतात. डबकं जमिनीवर असतं, आणि निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडून देत असते. ढग नसले, वारा पडलेला असला, तर जमिनीलगतचा थर वरच्या हवेहून कितीतरी थंड होतो. तापमापक दोन अंश दाखवत असताना डबक्यावर पापडी धरते ती यामुळे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात पानांवर, गाड्यांच्या टपांवर दव गोठतं, त्यामागेही हेच कारण आहे. तिथे हवा शून्याला पोचलेली असतेच असं नाही.

आपल्या देशात या गोष्टीवर एक अख्खा धंदा चालायचा. ईस्ट इंडिया कंपनीचे सेनाधिकारी सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडच्या बर्फ करणाऱ्यांची रीत लिहून ठेवली आहे. उघड्या मैदानात सुमारे ३० फूट लांब-रुंद आणि २ फूट खोल खड्डे, तळाशी वाळलेल्या उसाचा किंवा मक्याच्या ताटांचा जाड थर, आणि त्यावर ओळीने मांडलेली उथळ, बिनझिलईची मातीची परळं. दिवेलागणीला त्यांत पाणी भरायचं आणि सूर्य उगवायच्या आत बर्फ गोळा करायचा. ताटांचा थर जमिनीची ऊब वर येऊ देत नसे, मातीच्या परळातून पाणी पाझरून थोडं उडत असे, बाकीचं काम आकाश करी. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हाती काही लागत नसे. उथळ पाणी, उघडं आकाश, पडलेला वारा. डबक्यालाही हेच तिन्ही लागतं.

आता गोठण्याची सुरुवात. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. तिथपर्यंत वरचं गार पाणी खाली जातं, खालचं वर येतं. त्याहून गार झालेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं, म्हणून गोठणं वरून सुरू होतं. तेही नेमकं शून्याला नाही. स्फटिक धरायला बीज लागतं: मातीचा कण, गवताची काडी, कुजलेलं पान. अतिशय शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहू शकतो. चिखलाच्या पाण्यात बीजांची रेलचेल असल्यामुळे ते शून्याखाली थोडंसंच सरकतं. काठाला माती आणि गवत असतं, तिथलं पाणीही सर्वांत उथळ. म्हणून बर्फ काठाला आधी धरतो.

पहिला स्फटिक बहुधा छोटी गोल चकती असतो. ती फार काळ गोल राहत नाही. तिच्या कडेला कुठेतरी कणभर फुगवटा येतो. तो अधिक गार पाण्यात घुसलेला असतो, त्यामुळे गोठताना सुटणारी उष्णता त्याच्या टोकावरून लवकर निघून जाते, आणि फुगवटा आजूबाजूपेक्षा वेगाने वाढतो. पुढे गेलेलाच आणखी पुढे जातो. हे अस्थैर्य मुलिन्स आणि सेकेर्का या पदार्थवैज्ञानिकांनी १९६३-६४ मध्ये गणितात मांडलं. मूळ विचार धातूंच्या गोठण्याचा होता, पण डबक्यावरची नेच्याच्या पानासारखी बर्फाची नक्षी त्याच नियमाने फुटते.

पण सगळीकडे नेचे का दिसत नाहीत? कित्येक डबक्यांवर नुसत्या लांब, सरळ सुया असतात, वीत-वीत लांबीच्या, वाटेल तशा एकमेकींना छेदणाऱ्या. बर्फाचा स्फटिक षट्कोनी थरांचा बनलेला असतो आणि तो थराच्या पातळीत झपाट्याने वाढतो, थरांच्या उभ्या दिशेला फार हळू. म्हणजे तो मनाने पत्र्यासारखा. हा पत्रा पाण्यावर आडवा पडला तर त्याच्या ६० अंशांच्या फांद्या आपल्याला वरून पूर्ण दिसतात आणि आपण नेचा म्हणतो. तोच पत्रा पाण्यात तिरका किंवा उभा वाढला तर पृष्ठभागावर त्याची फक्त कड येते. खेळण्यातला एखादा पत्ता पाण्यात तिरपा बुडवून धरा. पाण्याच्या पातळीवर त्याची एक रेघ दिसेल, बस्स. सुई म्हणजे पाण्यात उतरलेल्या पत्र्याची वरची कड.

सुयांच्या मधल्या तिकोनी जागा नंतर सावकाश भरतात, तिथला बर्फ काचेसारखा नितळ असतो. बोट फिरवून बघावं: अनेकदा सुया किंचित उंच लागतात आणि तिकोन खोलगट. सुया धरल्या तेव्हा पाणी वर होतं, तिकोन भरेपर्यंत ते उतरलेलं होतं. पाण्याच्या उतरण्याची ही पहिली खूण, आणि ती नजरेपेक्षा बोटाला आधी कळते. वारा असेल तर यातलं काही जमत नाही. लाटा कोवळे स्फटिक मोडत राहतात आणि सकाळी करडा, दाणेदार बर्फ मिळतो. गोठताना हिम भुरभुरलं तरी तसंच होतं, हजार बीजं एकदम पडतात आणि कुणालाच पसरायला जागा उरत नाही.

आता त्या समोच्च रेषा.

काठाचा बर्फ मातीला घट्ट धरलेला असतो. पापडी काठाकडून आत सरकत जाते आणि खालून जाड होत जाते, पण त्याच वेळी खालचं पाणी कमी होत असतं. काही जमिनीत मुरतं. काही चाकोरीच्या भिंती ओढून घेतात, कारण गोठू लागलेली माती बाजूचं पाणी आपल्याकडे खेचते. ही ओढ साधीसुधी नसते. माती गोठली की जमीन फुगते, आणि त्याचं कारण गोठणाऱ्या पाण्याचं प्रसरण हेच असणार, असं पूर्वी मानत. स्टीफन टेबर या भूवैज्ञानिकाने १९३० च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरून ती गोठवली. बेंझिन गोठताना आकसतं, तरीही माती फुगली. मातीला फुगवणारा द्रव बाहेरून ओढून आणला जातो, हे त्यावरून ठरलं. चाकोरीच्या काठावर चिखलातून उगवलेल्या बर्फाच्या दाट सुया दिसतात, डोक्यावर खडा किंवा मातीची टोपी घेतलेल्या. जपानीत त्यांना ‘शिमोबाशिरा’ म्हणतात, हिमाचे खांब. डबक्यातलं पाणी कुठे गेलं याचं निम्मं उत्तर त्या खांबांत उभं असतं.

पाणी उतरलं तरी काठाला धरलेली पापडी खाली येत नाही. पाणी आणि बर्फ यांच्यात हवा शिरते, आधी उथळ काठाकडून, मग आत आत. पाणी सहजासहजी सुटतही नाही; ते पापडीच्या पोटाला चिकटून राहतं, ताणलं जातं, आणि मग एकदम मागे सरकतं. पुन्हा थबकतं. जिथे थबकलं तिथे त्याच्या कडेवर बर्फ साचत राहतो आणि पापडीच्या खालच्या बाजूला एक बारीक वरंबा तयार होतो. पाणी सरकलं की पुढचा वरंबा पुढच्या मुक्कामावर. वरून दिसणारी प्रत्येक रेघ म्हणजे खालचा एक वरंबा. म्हणून त्या रेघा डबक्याच्या आकाराला इतक्या इमानाने धरून असतात: खोलगट भाग सर्वांत आतल्या कड्यात, चाकोरीतला उंचवटा वेगळ्या कड्यात. रेघा दाट असल्या तर तिथला उतार उभा किंवा पाणी हळू उतरलेलं; विरळ असल्या तर तळ सपाट किंवा पाणी झपाट्याने गेलेलं. चिकणमातीत रेघा जास्त आणि जवळजवळ मिळतात. रेताड वाटेवर पाणी इतक्या लवकर मुरतं की दोन-चार ठळक कडी उरतात आणि मधे भोक.

पापडी पांढरी दिसते तेही याच पोकळीमुळे. खाली पाणी असतं तर प्रकाश आरपार जाऊन तळाचा चिखल दिसला असता. बर्फ आणि पाणी यांचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, जवळजवळ सारखा, १.३१ आणि १.३३, त्यामुळे दोघांच्या सीमेवरून फारसा प्रकाश परतत नाही. खाली हवा आली की तो वरंब्यांवरून विखरून वर येतो. शिवाय ओल्या चिखलाची वाफ त्या गार छताला लागून तिथे पिसांसारखं दहिवर धरतं. तुकडा उलटा करून पाहिला की ते दिसतं, आणि माझ्या मते पापडीची खालची बाजू वरच्यापेक्षा कितीतरी देखणी असते. बहुतेक लोक ती न बघताच पुढे जातात.

उलटा करायचा तर तुकडा नीट निघाला पाहिजे. मधून उचलू नये, तो हमखास मोडतो. काठाजवळ जिथे पोकळी सुरू होते तिथे रुंद, पातळ उलथणं सरकवावं आणि दोन-तीन ठिकाणी हलकेच उचकटावं. हात उघडे नकोत. बोटाच्या उबेने कड लगेच वितळते आणि तुकडा निसटतो. कोरडे लोकरी हातमोजे घालावेत. तुकडा काळ्या कापडावर ठेवावा आणि प्रकाश बाजूने येऊ द्यावा. फोटोलाही हाच नियम: सूर्य क्षितिजापासून हातभर वर असेपर्यंतच वरंब्यांच्या सावल्या पडतात. कॅमेरा पापडीला समांतर धरला तर सगळी रेघ फोकसमध्ये राहते, आणि उजेड एक टप्पा वाढवून घेतला नाही तर पांढरा बर्फ फोटोत राखाडी येतो.

डांबरी रस्त्यावरचं डबकं याच्या अगदी उलट. तिथे पाण्याला जायला वाट नसते. बर्फ धरू नये म्हणून मीठ मारलेला रस्ता असेल तर नुसता गाळ होतो. मीठ नसेल तर बर्फ वरून आणि कडेने आवळत आत येतो आणि मधलं पाणी कोंडलं जातं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, मग मधला भाग उंचावतो, तडकतो, आणि तड्यातून पाणी वर येऊन तिथेच गोठतं. विरघळलेल्या हवेला बर्फाच्या जाळीत जागा नसते, ती पुढे पुढे ढकलली जाऊन शेवटी बुडबुड्यांत अडकते. गोठणं सावकाश असेल तर बुडबुडे लांब, किड्यांसारखे, उभे. झपाट्याचं असेल तर बारीक आणि दुधासारखे दाट. म्हणून डांबरावरच्या डबक्याचा काठ नितळ आणि गाभा पांढरा असतो, चाकोरीत मात्र काठच पांढरा.

जाडीचा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ स्टेफान यांनी १८९१ मध्ये घालून दिला: जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. बर्फच खालच्या पाण्याचं पांघरूण होतो, म्हणून दुप्पट जाडीला चौपट वेळ. पृष्ठभाग १० तास उणे ५ अंशांवर राहिला तर सूत्राने सुमारे ५ सेंटिमीटर येतात. प्रत्यक्षात एका रात्रीत त्याच्या निम्मेही क्वचित मिळतात, कारण पृष्ठभाग तितका गार लगेच होत नाही. एक किलो पाणी गोठताना जी उष्णता सोडतं, तेवढ्यात तेवढंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. ती सगळी आधी बाहेर जावी लागते.

तडे वाचायला मात्र वेळ द्यावा. पोकळ पापडीवर टाच दाबली की ती आधी खाली वाकते. वाकताना ताण खालच्या बाजूला, म्हणून पहिल्या चिरा खालून सुटतात आणि टाचेपासून चांदणीसारख्या बाहेर धावतात. आता पापडीचे त्रिकोणी फाळके झाले. प्रत्येक फाळका बाहेरच्या टोकाला धरलेला आणि आतल्या टोकाला दाबलेला, त्यामुळे थोड्या अंतरावर त्याच्या वरच्या बाजूला ताण येतो आणि तिथे आडवी, गोल चीर जाते. आधी चांदणी, मग कडं. हळू दाबलं तर चांदणीला मोजके किरण, जोरात आपटलं तर कितीतरी. काचेतही असंच होतं. दगड पडून फुटलेलं डबकं आणि पायाने फुटलेलं डबकं यांतला फरक किरण मोजून कळतो.

दोन चिरा भेटतात तिथे कोण थोरली आणि कोण धाकटी हेही ठरवता येतं. उघड्या चिरेच्या दोन्ही बाजूंचा ताण सुटलेला असतो, त्यामुळे नंतर आलेली चीर ती ओलांडू शकत नाही. जवळ येताना वळते आणि काटकोनात येऊन थांबते. जी थांबली ती धाकटी. एखादी चीर दुसरीला सरळ छेदून गेलेली दिसली तर जवळून बघावं: छेदलेली चीर बहुधा पाण्याने भरून पुन्हा गोठलेली, सांधलेली असते, पांढऱ्या शिवणीसारखी. तिच्यातून ताण पलीकडे जाऊ शकतो. उन्हाळ्यात तळं आटल्यावर काळ्या मातीला पडलेल्या भेगांतही पहिल्या भेगा लांब आणि नंतरच्या त्यांना काटकोनात भिडलेल्या दिसतात, नियम तोच.

बर्फ नेहमी तडकतोच असंही नाही. मोठी पापडी दुपारपर्यंत तशीच राहिली तर ती मधे झोळीसारखी लवते, एकही चीर न पडता. उणे ५ अंशांचा बर्फ आपल्याला गारठलेला वाटतो, पण वितळबिंदूच्या हिशेबाने तो दीड हजार अंशांच्या लोखंडाइतका गरम आहे. सावकाश ओढलं की वाहतो, झटका दिला की फुटतो.

स्फटिकांच्या सीमा साध्या नजरेला दिसत नाहीत. त्यासाठी लॅपटॉपचा एलसीडी पडदा आणि पोलराइज्ड गॉगल पुरतो. लॅपटॉप थंड खोलीत किंवा गॅलरीत ठेवावा, पडदा पूर्ण पांढरा करावा, आणि गॉगल डोळ्यांसमोर फिरवत पडदा काळा होईल अशा कोनात धरावा. मग नितळ बर्फाचा तुकडा काचेच्या बशीत घेऊन मधे आणायचा. पडद्यावर पाणी सांडू देऊ नये. काळ्यात एकदम रंग उमलतात. एका स्फटिकाचा सगळा भाग एका रंगाचा, शेजारचा वेगळा, मधली सीमा धारदार. रंग खुलायला तुकडा अर्धा ते एक मिलिमीटर जाड हवा. त्याहून जाड असेल तर फिकट गुलाबी-हिरवट दिसतं आणि पुढे पांढरंच. कोमट धातूच्या ताटलीवर तुकडा अलगद घासून पातळ करता येतो. ज्या स्फटिकाचा पत्रा आडवा पडला आहे तो काळाच राहतो, कितीही फिरवा. नेच्याचं पान या पडद्यासमोर काळं असतं आणि सुयांच्या पोटातून रंग येतात.

ऊन चढलं की पापडी आतून फुलू लागते. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५८ मध्ये वर्णन केलेली ही फुलं: बर्फाच्या आत सहा पाकळ्यांचे वितळलेले ठिपके, प्रत्येकाच्या मधे चकाकणारा एक बुडबुडा. वितळलेलं पाणी बर्फापेक्षा कमी जागा घेतं, त्या उरलेल्या जागेचा तो बुडबुडा. फुलं दोन-चार मिलिमीटरची असतात, भिंग लागतं. बर्फात अडकलेलं ओकचं पान तोवर ऊन पिऊन आपल्याच आकाराचा खड्डा पाडून खाली उतरलेलं असतं, देठासकट. दहाच्या सुमारास वरंबे गळू लागतात, आधी सर्वांत आतलं कडं. मग त्याच्या बाहेरचं. काठाची दोन बोटं पट्टी सावलीत दुपारपर्यंत टिकते, आणि चाकोरीच्या तळाशी पुन्हा पाणी जमू लागतं.